पोटखराबा म्हणून नोंदलेला सडा: एका गावाच्या निर्णयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका गावाची ही हकीकत. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील थोडे बदलले आहेत. मी त्या भागातल्या शाळेत भूगोल शिकवतो. या प्रकरणात मी सुरुवातीपासून होतो, म्हणजे त्यातल्या चुकांतही होतो.

गाव खाडीपासून वर चढत जातं. खाली भाताचे मळे, मधल्या उतारावर घरं आणि माडा-पोफळीचं आगर, त्यावर आंबा-काजू, आणि सगळ्यांत वर सपाट सडा. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. उन्हाळ्यात त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. आमच्या गोष्टीतला तुकडा सुमारे चौदा एकरांचा. सातबाऱ्यावर त्याची नोंद 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला अयोग्य, आकारणी नाही. या एका शब्दाचा पुढे फार परिणाम झाला. ज्या जमिनीला कागदच खराब म्हणतो, ती विकताना किंवा खणताना कुणाचं मन अडखळत नाही.

मालकी एकाच घराण्याची, पण चार शाखांत सामाईक. सातबाऱ्यावर तेवीस नावं. त्यांतली काही माणसं वारलेली, वारसनोंदी झालेल्या नाहीत. गावात राहणारे दोघेच: सत्तरी ओलांडलेले तात्या आणि त्यांच्या चुलतभावाची सून, जिला सगळी वाडी वहिनी म्हणते. बाकीचे मुंबई, डोंबिवली, नालासोपारा इथे. गणपतीला आणि शिमग्याला येणारे.

जांभा मूळचा बेसॉल्टच. लाखो वर्षांच्या पावसानं त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं वाहून नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली, त्यांचं हे तांबडं, भोकाभोकांचं कवच झालं. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरनं म्हैसूर-मलबारच्या प्रवासात केरळातल्या अंगाडिपुरमला हा दगड पाहिला. जमिनीत असताना मऊ, कापून हवा लागली की विटेसारखा टणक. १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' म्हटलं. जगभरच्या पुस्तकांत तेच नाव गेलं. आपल्याकडे चिरा कापून घरं बांधणाऱ्यांनी तो गुण पिढ्यान्‌पिढ्या ओळखला होता, पण शोध बुकाननच्या नावावर लागला. हे मी इथे सांगतो, कारण आमच्या गावातही पुढे असंच घडायचं होतं.

अडचण

एका मे महिन्यात आठवडाभराच्या अंतरानं दोन गोष्टी झाल्या.

आधी चिरेखाणीचा प्रस्ताव आला. खाणवाले शेठ शेजारच्या तालुक्यातले. बोलायला सरळ, व्यवहाराला चोख अशी त्यांची ख्याती. त्यांना संपूर्ण सडा पाच वर्षांसाठी हवा होता. तात्यांच्या घराचा मागचा पडवीचा भाग दोन पावसाळे गळत होता. वहिनींच्या मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. मुंबईतल्या एका शाखेत मोठ्या आजारपणाचा खर्च चालू होता. या पैशाकडे हाव म्हणून बघणाऱ्यानं एकदा या तीन घरांत जाऊन बसावं.

मग दुसरी गोष्ट. मी नववीच्या मुलांना घेऊन सड्यावर होकायंत्राचा तास घ्यायला गेलो होतो. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ खडकाच्या चुंबकत्वामुळे होकायंत्राची सुई भरकटते, हे मुलांनी ऐकलं होतं. आपल्या सड्यावरही तसं होतं का, ते बघायचं होतं. झालं नाही. सुई निमूट उत्तर दाखवत राहिली. तिथे गुरं राखणारे एक आजोबा मुलांची धडपड बघत उभे होते. ते म्हणाले, "थय काय बघतास? पुढं मासो हाय, तो बघा."

मासा होता. चारेक मीटर लांब, कातळ खोदून काढलेला, अर्धा माती-गवताखाली. शेजारी पाय फाकून उभी माणसाची आकृती, आणि पलीकडे चौकोनात आडव्या-उभ्या रेषांची गुंतागुंत. आजोबा लहानपणापासून त्या जागेला माशाची वाट म्हणत आले होते.

कोकणातली कातळशिल्पं आता अनेकांना माहीत आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घालून, गुराख्यांशी आणि शेतकऱ्यांशी बोलून शेकडो शिल्पांची नोंद केली. कशेळीचा हत्ती तर सुमारे अठरा मीटरांचा, आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले. काही ठिकाणी गेंड्यासारखे, आज कोकणात कुठेच नसलेले प्राणी दिसतात. २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं. आमच्या गावाचा सडा अर्थातच त्या यादीत नव्हता. यादीबाहेरच्या सड्यांचं काय करायचं, हीच अडचण होती.

पहिली चूक

पर्यायांकडे जाण्याआधी हे सांगितलं पाहिजे. मासा सापडल्याच्या तिसऱ्या दिवशी वाडीतली पोरं फावडी, झाडू आणि तारेचे ब्रश घेऊन वर गेली. उत्साह खरा होता. दुपारपर्यंत तिन्ही आकृत्या लख्ख झाल्या. मग ड्रोननं फोटो चांगला यावा म्हणून कुणीतरी खोदलेल्या रेषांत चुना भरला. मी तिथे उभा होतो. थांबवलं नाही, उलट कोपऱ्यातली माती काढायला मीच हात लावला.

त्या खोबणीतली माती ही अभ्यासकांसाठी पुराव्याची जागा असते. ती थराथरानं, नोंद करत काढायची असते. तारेच्या ब्रशानं कातळाच्या कडांवर नवे ओरखडे उठतात, मग जुना घाव कुठला आणि परवाचा कुठला हे सांगणं अवघड होतं. चुना पुढच्या पावसात गेला. ओरखडे आहेत.

फोटो स्थानिक वर्तमानपत्रात आला. खाली 'शिक्षकाला गवसला ठेवा' असं लिहिलं होतं. आजोबांचा उल्लेख नव्हता. मी संपादकांना फोन करायला हवा होता, तो केला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

समोर असलेले पर्याय

सगळा सडा खाणीला देणं हा पर्याय फोटो छापून आला त्याच दिवशी बाजूला पडला. तसं करायला कुणाचंच मन धजलं नसतं.

दुसरा पर्याय कलमबागेचा. कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूस लावायचा. कोकणात अनेक सड्यांवर हे झालं आहे, काही बागा उत्तम चालतात. पण माती, पाणी आणि पाच-सात वर्षं थांबण्याची ताकद लागते. तात्या म्हणाले, "सर, मी कलम लावीन, आंबा कोण खाईल?" विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय पर्यटनाचा, मुंबईकर पुतण्यांचा आवडता. रस्ता, वाहनतळ, पाट्या, चहाची टपरी.

चौथा पर्याय शेठनी स्वतः मांडला, आणि मला तोच सगळ्यांत मोठा निर्णयाचा क्षण वाटतो. ते म्हणाले, "चित्रं तुमची, तशीच राहू देत. मी स्वखर्चानं भोवती वीस-वीस फुटांवर चिऱ्याचं कुंपण घालून देतो. पाटी लावतो. उरलेली जमीन मला द्या."

ऐकायला यात काही खोट नव्हती. घराण्याला पैसा, गावाला वारसा, शेठना दगड. वाडीच्या बैठकीत माना डोलल्या. माझीही डोलली. मी तर म्हणालो, की इतकं समंजस बोलणारा खाणमालक शोधून मिळणार नाही. सरपंचबाईंनी फक्त एक प्रश्न विचारला: "सर, खालच्या वाडीचा झरा कुठून येतो?" मी भूगोलाचा शिक्षक, उत्तर मला यायला हवं होतं. मी "डोंगरातून" असं काहीतरी बोललो.

कृती: एक पावसाळा थांबणं

चौथा पर्याय लगेच अमलात आला नाही. त्याचं श्रेय कुणाच्या शहाणपणाला देता येत नाही. खाणपट्ट्यासाठी सगळ्या सहहिस्सेदारांची संमतीपत्रं लागणार होती आणि सातबाऱ्यावरच्या मयत नावांचे वारस नोंदवायचे होते. तलाठी कार्यालय, फेरफार, मुंबईहून येणारे दाखले. यात जून उजाडला. ज्या सातबाऱ्याच्या घोळाला आम्ही वर्षानुवर्षं बोल लावला, त्यानंच आम्हाला चार महिने दिले.

ते चार महिने कसे वापरायचे, हे मात्र आम्ही ठरवलं. तीन कामं हाती घेतली.

पहिलं, झरा मोजायचा. वहिनी आणि वाडीतल्या दोघीजणींनी हे काम घेतलं. साधन एकच, ठरलेला हंडा आणि मोबाइलचं घड्याळ. मे अखेरीला हंडा भरायला सहा मिनिटं लागत होती. त्यासोबत त्यांनी पलीकडच्या वाडीतही चौकशी केली, जिच्या डोक्यावर जुनी चिरेखाण आहे. तिथल्या बायकांनी सांगितलं, की पूर्वी झरा शिमग्यानंतरही चालायचा, आता माघातच दम तोडतो, आणि पहिल्या पावसात लाल गढूळ येतो.

याचं कारण कातळाच्या पोटात आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभा भोकाळ असल्यानं त्यातलं बरंचसं पाणी खाली उतरतं. जांभ्याच्या थराखाली पांढरट चिकण माती असते, तिथे ते अडतं आणि उताराच्या कडेला झरा म्हणून बाहेर पडतं. म्हणजे सडा हा गावाच्या डोक्यावरचा स्पंज आहे. चिरा काढला की स्पंजच पातळ होतो, उरलेलं पाणी खड्ड्यात साचून उन्हानं उडून जातं आणि गाळ मळ्यांत उतरतो. चित्राभोवतीच्या वीस फुटांच्या कुंपणात यातलं काहीच मावत नव्हतं.

दुसरं काम, सडा पावसात बघायचा. जुलैच्या एका सकाळी आम्ही वर गेलो तेव्हा मे महिन्यातला सडा तिथे नव्हताच. बोटभर पाण्याचे थर कातळावरून सरकत होते. मातीच्या पातळ पापुद्र्यावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा सडा पडला होता, गेंदाची पांढरी बटणं, दवबिंदूची चिकट पानं. कोकणपट्टीबाहेर न सापडणारी दीपकाडी आम्हाला जूनमध्येच एका खाचेत दिसली होती. डबक्यांत बेडकांची पिल्लं होती. आजोबांनी टिटवीची अंडी घातलेली जागा दाखवली, ती मासा कोरलेल्या कातळापासून पन्नास पावलांवर. या वनस्पतींना खोल माती नको असते. उथळ पाणी, चार महिने आणि उघडा कातळ, बस. कलमांसाठी माती आणून टाकली किंवा वाहनतळासाठी सपाटी केली, तरी त्या जातात.

आणि तिसरं. पाणी सरकत असताना तिरप्या उजेडात खोदकामाच्या कडा उठून दिसतात, हे अभ्यासकांनी सांगितलं होतं. तसं बघत आम्ही ओळीनं चाललो. माशापासून चाळीसेक मीटरांवर आणखी तीन आकृत्या मिळाल्या, दोन झिजलेल्या आणि एक स्पष्ट, पक्ष्यासारखी. या वेळी कुणी फावडं आणलं नव्हतं. फोटो, मापं, स्थान, तारीख आणि 'दाखवणारे' या रकान्यात आजोबांचं नाव. कुंपणाचा प्रस्ताव मे महिन्यात मान्य झाला असता, तर या तिघांचे चिरे एव्हाना कुणाच्या तरी जोत्यात बसले असते.

गणपतीतली बैठक

मोठी बैठक गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तात्यांच्या खळ्यात झाली, कारण तेव्हाच सगळे हिस्सेदार गावात असतात. मी बोलायचं नाही असं आधीच ठरलं होतं. जमीन माझी नव्हती आणि मे महिन्यातलं माझं मत सगळ्यांना आठवत होतं.

वहिनींनी हंड्याचे आकडे वाचले. सरपंचबाईंनी पलीकडच्या वाडीतल्या दोन बायकांना बोलावलं होतं, त्या बोलल्या. मग आजारपण असलेल्या शाखेतला थोरला पुतण्या उठला. त्याचं म्हणणं मला शब्दशः आठवतं: "तात्या, झऱ्याचं पटलं. चित्रांचं पटलं. पण माझ्या बापाचं बिल झरा भरणार नाय." खळं शांत झालं. त्याला कुणी स्वार्थी म्हटलं नाही, ही त्या बैठकीतली सगळ्यांत चांगली गोष्ट.

तात्या बराच वेळ सुपारी कातरत राहिले. शेवटी म्हणाले, "सामाईक ठेवून भांडण्यापेक्षा सरस-निरस वाटप करू. तुला जो कोपरा देऊ, त्याचं तू बघ. पण पाण्याची धार कुठून कुठे जाते, ते बघून कोपरा काढू."

या वाक्यानं प्रकरण सुटायला लागलं. पुढच्या दोन पावसाच्या दिवशी मुलांनी सड्यावर रांगोळीची पूड आणि पानं सोडून पाणी कोणत्या बाजूला जातं ते टिपलं. सड्याला मधोमध अगदी हलका उंचवटा होता. टोपोशीटवर तो कळण्याजोगा नव्हता, पाण्याला मात्र माहीत होता. त्याच्या पलीकडचा अडीच एकरांचा भाग दुसऱ्या वहाळाकडे उतरत होता. तो चौथ्या शाखेला गेला.

निष्पत्ती

अडीच एकरांवर शेठनी खाण घेतली. गौण खनिजाची परवानगी आणि पर्यावरण मंजुरी घेऊन, ठरलेल्या खोलीपर्यंत. त्याआधी आम्ही तो कोपरा पावसात दोनदा पायाखाली घातला. कोरीव काहीच मिळालं नाही. फुलं मात्र तिथेही होती, ती गेली. थोरल्या पुतण्याच्या वडिलांचे उपचार पुरे झाले.

उरलेल्या साडेअकरा एकरांबाबत ग्रामसभेनं ठराव केला. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे नोंदी पाठवल्या, पाहणी झाली. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीनं समिती करून लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती आमच्याकडे नावापुरती होती, आता सड्याची पानं तिच्यात भरली आहेत. गाड्या खालच्या वळणावर थांबतात, वर पायवाट आहे, चित्रांपाशी चप्पल काढायची. दिवाळीनंतर सुकं गवत जाळण्याची पद्धत बंद करून ते कापून न्यायचं ठरलं, कारण आगीनं तापलेल्या कातळाचे पापुद्रे सुटतात. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत कठीण गेली. पहिल्याच वर्षी कुणीतरी काडी लावली आणि रात्री अकरा वाजता वाडी ओल्या फांद्या घेऊन वर धावली.

उत्पन्न? येणाऱ्यांकडून मिळणारं मामुली शुल्क, वहिनींकडे सांगून केलेलं जेवण, गवताचे थोडे पैसे. खाणीच्या पैशाच्या जवळपासही हे जात नाही. तात्यांची पडवी अजून पत्र्यावरच आहे. तीन शाखांनी हे डोळसपणे पत्करलं, आणि बाहेरून येऊन 'किती छान जपलंय' म्हणणाऱ्यांना याची किंमत कुणी मोजली ते सांगावंसं वाटतं.

झऱ्याचा हंडा पुढच्या मे अखेरीला साडेसहा मिनिटांत भरला, त्याच्या पुढच्या वर्षी पावणेसहा. मोजणी चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

चित्र दिसल्याबरोबर एकच काम करायचं होतं: हात न लावता फोटो, माप आणि स्थान टिपून अभ्यासकांना बोलावणं. जाहीर करण्याची घाई करायची नव्हती. फोटो छापून आल्यानंतरच्या रविवारी दोनेकशे माणसं वर चढली आणि एकानं माणसाच्या आकृतीशेजारी स्वतःचं नाव खरवडलं.

झऱ्याचा प्रश्न पहिल्याच बैठकीत यायला हवा होता. तो आला तो सरपंचबाईंकडून, रोज पाणी भरणाऱ्यांच्या घरातून. सड्याची चर्चा आम्ही पुरुष मंडळी वारसा आणि व्यवहार या दोनच शब्दांत करत होतो. हंडा मोजणाऱ्या बायका बैठकीला आल्या नसत्या, तर निर्णय वेगळा झाला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वारसनोंदी कुणी मागायच्या आधीच करून घ्यायला हव्यात. आमच्या बाबतीत घोळामुळे वेळ मिळाला, पण सामाईक जमिनीत एखादा हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा परस्पर विकून टाकू शकतो, आणि मग खळ्यातली बैठक कुणाशी करायची?

आणि ती माती. पोरांनी खोबणीतून काढलेली सगळी माती सड्याच्या कडेला फेकली आणि पहिल्या पावसात ती वाहून गेली. फक्त माझ्या वर्गातल्या एका मुलीनं त्यातली ओंजळभर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, कारण मृदेच्या धड्याला मी नमुने आणायला सांगितले होते. नंतर आलेल्या अभ्यासकांना मी ती दाखवली. त्यांनी विचारलं, कोणत्या आकृतीतली, किती खोलीवरची? मुलीला आठवत नव्हतं, मलाही नाही. पिशवी शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. तिच्यावर मुलीच्या अक्षरात फक्त तारीख आहे.